शाणं भिंग

आमच्या दवाखान्याचा निकाल शंभर टक्के लागला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. शाळांचा लागतो एक वेळ शंभर टक्के, तिथं खिडकीतून चिठ्ठ्या जातात. डोळ्यांचा कसा लागेल? एकतीस वर्षं मी मोतीबिंदूच्या पट्ट्या उघडतेय. दहातल्या तिघांचं तोंड पट्टी काढल्यावरही पडलेलंच असायचं, हे मला पाठ होतं. तरी मी त्या दिवशी पेढे वाटले. बावळट कुठली!

मी सुगंधा ऐवळे. कर्नाटकाच्या सीमेला लागून आमचा दुष्काळी तालुका, तिथं एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना आहे, त्यातली मुख्य सिस्टर. मुख्य म्हणजे काय, आम्ही दोघीच, त्यातली दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. ही गोष्ट सदतीस सालची, म्हणजे दोन हजार सदतीस.

मोतीबिंदू काढणं आता फार अवघड राहिलेलं नाही. आमच्या डॉक्टर रेहाना मुजावर आठ मिनिटांत एक डोळा करतात. गढूळ झालेलं भिंग काढायचं, त्या जागी स्वच्छ कृत्रिम भिंग बसवायचं. खरी गोम पुढं आहे. भिंग कुठल्या नंबरचं बसवायचं? त्यासाठी डोळ्याची लांबी मोजावी लागते, आणि मोजायचं आमचं यंत्र सात वर्षं चादरीखाली झाकून पडलेलं. मग शिबिरात आलेल्या सगळ्यांना सरसकट एकच नंबर. कुणाला बसला तर बसला. न बसलेल्यांना वर चष्मा लागतो, चष्म्यासाठी परत यावं लागतं, आणि तीस मैलांवरनं परत कोण येतंय? त्यात साखरेनं किंवा वयानं ज्यांचा डोळ्याचा पडदा जागोजागी मेलेला असतो, त्यांना तर कुठलंच भिंग पुरं पडत नाही.

अशात पुण्याच्या एका कंपनीनं ते नवं भिंग चाचणीसाठी आमच्याकडं पाठवलं. त्याचं नाव हातभर लांब इंग्रजी होतं. आमच्या म्हाताऱ्यांनी त्याचं ‘शाणं भिंग’ करून टाकलं.

शाणंच होतं ते. पापणीच्या उघडझापीवर त्याला लागेल तेवढी वीज मिळायची, आणि तेवढ्यात ते आपला फुगवटा कमीजास्त करून स्वतःचा नंबर स्वतः ठरवायचं. पण त्याची खरी करामत वेगळीच होती. तुमच्या-माझ्या प्रत्येक डोळ्यात एक जागा ठार आंधळी असते, जिथून नस मेंदूकडं जाते. तरी आपल्याला जगाला भोक पडलेलं दिसत नाही, कारण आजूबाजूचं बघून मेंदू ती जागा बुजवून टाकतो. हे भिंग तेच करायचं. चित्रात कमी पडलेला ठिपका ते आतून पेटवायचं, नको असलेली चकाकी झाकायचं. पडदा अर्धा मेला असला तरी माणसाला अख्खं चित्र.

पण कुठला ठिपका बरोबर आणि कुठला चूक, हे त्याला शिकवायला लागायचं. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला तक्त्यासमोर बसवायचं. अडाण्यांसाठी तक्ता असतो ना, इंग्रजी ‘ई’चा, त्याचं तोंड कुठं आहे ते हातानं दाखवायचं. माझ्या हातात एक डबी, तिच्यावर दोन बटणं. बरोबर आणि चूक. पेशंटनं सांगितलं की मी बटण दाबायचं. एका भिंगाला जे शिकवलं ते डबीतून पुढच्या सगळ्या भिंगांना जायचं.

“सिस्टर,” कंपनीचा इंजिनिअर जाताना बजावून गेला होता, “त्याला खरं-खोटं कळत नाही. त्याला फक्त तुमचं बटण कळतं.”

मी मान हलवली. मला वाटलं, नेहमीचं बोलतोय.

आता आमच्याकडची रीत सांगते. तपासणीची खोली एकच, तक्ता एकच, आणि दाराबाहेर बाक. बाकावर वीस-पंचवीस म्हातारी माणसं ओळीनं बसलेली. आत एकजण मोठ्यानं सांगतोय, “उजवी, वर, वर, डावी, खाली,” आणि बाहेरचे कान टवकारून ऐकतायत. बाया तर अशा, की त्यांनी तिसऱ्या शिबिराला त्याची चाल लावली. उजवी वर, वर डावी, मग गं खाली. हसत-खिदळत पाठ करायच्या. त्यांच्या लेखी ती परीक्षा होती. लेक, सून, नातवंडं दारात उभी, आणि म्हातारी नापास झाली तर गावभर बोभाटा.

मला कळायचं हो. पाठ केलेलं कधी लपतं का? डोळा तक्त्यावर नसायचाच, तोंड आपलं चालू. पण समोर बसलेली म्हातारी घामेजलेली असायची, माझ्या तोंडाकडं बघत असायची, आणि मला चूक दाबवायचं नाही. शिवाय दहात साडेआठ पास झाले नाहीत तर चाचणी बंद, भिंगं परत. मी बरोबर दाबायचे. दया आली म्हणून दाबलं असं म्हणायला बरं वाटतं, पण त्यात आळसही होता आणि निकालाची हावही होती.

माझी थोरली बहीण सुंदरा. मी तिला आक्का म्हणते, ती मला सुगे म्हणते. आई लवकर गेल्यावर तिनंच मला शिकवलं, नर्सिंगला घातलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि साखरेनं पडदा खाल्लेला. मुजावर मॅडमच्या हातापाया पडून मी तिचे दोन्ही डोळे करून घेतले. दुसऱ्या दिवशी ती बाकावरनं आत आली आणि तक्त्याकडं न बघताच धडाधडा शेवटची ओळ बोलून गेली. मी पाच वेळा बरोबर दाबलं. मग ती माझ्याकडं बघून हसली आणि म्हणाली, “सगळं दिसतंय गं बया!” मी रडले त्या दिवशी.

असे चारशे बारा झाले. चारशे बारा पास.

सहा आठवड्यांनी मी वाड्या-वस्त्यांवर फेरतपासणीला निघाले. पहिल्या दिवशी गिरमल तात्यांकडं गेले. सत्तरीचे, शेळ्या राखणारे, गडगडाटी हसणारे. “फसकलास दिसतंय सिस्टर, चांदण्या मोजतो मी आता,” म्हणाले. शेळ्या आत घालायची वेळ होती. काठी टेकून त्यांनी मोजल्या. बारा. मीही सहज मोजल्या. दहा.

त्यांची सून मला गोठ्याच्या कडेला घेऊन गेली.

“दोन लांडग्यानं नेल्या म्हैना झाला. मामांना सांगितलं, तर म्हणत्यात थट्टा करतीस का. रोज बारा जणींचा पाला टाकत्यात. त्या दोघींच्या पाठीवरनं हात फिरवायला जात्यात, हात खाली जातोय, तर म्हणत्यात, आज लई उड्या मारत्यात.”

मला हसू आलं. म्हातारपणी व्हायचंच असं, असं म्हणून मी कागदावर ‘दृष्टी उत्तम’ लिहिलं. पण परतताना गाडीत त्या बारा आणि दहाचा हिशेब काही केल्या जुळेना.

दुसऱ्या दिवशी आक्काकडं गेले. येते म्हणून सकाळीच फोन केला होता. भर दुपार. सून भाग्यश्री ग्रामपंचायतीत कामाला, मुलगा ट्रकवर, घरात आक्का आणि नऊ महिन्यांची नात आरोही. सोप्यात पाळणा टांगलेला. आक्का भिंतीला टेकून बसली होती, पाळण्याची दोरी हातात, ओढतेय आणि गुणगुणतेय.

“हळू बोल सुगे. आत्ताच डोळा लागलाय बघ.”

मी पाळण्यात वाकले. दुपटं होतं, खुळखुळा होता. बाळ नव्हतं.

“आक्का, बाळ कुठाय?”

“आगं हितंच की. तोंडात अंगठा घालून झोपलंय. डोळं फुटलं का तुझं?”

मी परसात धावले. मागं धुण्याच्या दगडापाशी जमिनीत पुरलेली पाण्याची टाकी आहे, वरचं झाकण अर्धं सरकलेलं. आरोही तिच्या काठावर बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घालून आत वाकून बघत होती. ओरडले असते तर दचकली असती. मी श्वास धरून चार पावलं गेले आणि तिला पाठीमागनं धरलं. ओलीचिंब पोर छातीशी आवळून मी तिथंच बसले.

सोप्यात आले तरी आक्काची दोरी चालूच होती. मी तिच्यासमोर उभी राहिले, पोर माझ्या कडेवर, दोन हात अंतरावर.

आक्कानं मला खालीवर न्याहाळलं.

“हात असं का धरलाईस गं? अन् पाणी कशाचं ठिबकतंय?”

“आक्का, माझ्या कडेवर कोण आहे?”

“कोण असणार? कुणी न्हाई.”

तेवढ्यात आरोही रडायला लागली. मोठ्यानं, माझ्या कानाशी. आक्का दचकली. पाळण्याकडं बघितलं, परत माझ्याकडं, परत पाळण्याकडं. तिच्या हातातली दोरी थांबली.

“तोंड तर मिटल्यालं हाय तिचं,” ती हळूच म्हणाली. “मग रडतंय कोण, सुगे?”

देवा! तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच दिवशी आक्काला घेऊन दवाखाना गाठला. मुजावर मॅडमनी तिला तक्त्यासमोर बसवलं. शेवटची ओळ तिनं झटक्यात सांगितली. मॅडमनी तक्ता उलटा टांगला. तीच उत्तरं. मग त्यांनी तक्ता काढून घेतला. भिंतीवर नुसता खिळा राहिला, आणि आक्का त्या कोऱ्या भिंतीकडं बोट करून सांगत राहिली, “उजवी, वर, वर, डावी, खाली. आन् अक्षरं काळीभोर हायत, डाक्टर.”

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी तिथंच सगळं कबूल केलं. बाक, चाल लावलेली उत्तरं, माझं बटण.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीत मटकन बसल्या. मग म्हणाल्या, “सुगंधाताई, माणूस एखादी गोष्ट बघायच्या आधी तिची वाट बघतो. डोळा थरथरत आधीच तिकडं वळलेला असतो. ती थरथर डोळ्यातल्या भिंगाला कळते. समोरचं खरं दाखवून त्याला कधी बरोबर मिळालं, कधी चूक. पण माणसाच्या मनात आधीच जे ठरलेलं आहे ते दाखवलं की तुम्ही दर वेळी बरोबर दाबलंत. मग ते तेच शिकलं. मनात आहे ते पेटवायचं, मनात नाही ते झाकायचं.”

“पण सहा आठवडे कुणालाच कसं कळलं नाही?”

“घर तेच, वाट तीच, माणसं तीच. जिथं काही बदलत नाही, तिथं खरं आणि मनातलं एकच असतं ना.”

डबीवर एक सोय होती. भिंग साधं करून टाकायची, म्हणजे त्याचं शहाणपण कायमचं बंद. त्याला पेशंटची संमती हवी. मॅडमनी कंपनीला कळवलं, तर तिकडून उत्तर आलं की समाधानी पेशंटांचं प्रमाण देशात सर्वाधिक तुमच्याकडंच आहे, घाई करू नये. मॅडमनी मग चारशे बारा जणांना स्वतःच निरोप धाडले. आठवडा गेला, एकसुद्धा आला नाही. दिसत असलेला डोळा बंद करून घ्यायला कोण येईल?

आक्काला मी तिच्या घरीच सगळं सांगितलं. आरोही तिच्या मांडीवर होती, तिच्या हातात दिलेली, म्हणून तिला दिसत होती.

“आक्का, तुला तक्ता दिसला नव्हता. मला माहीत होतं. तरी मी बरोबर दाबलं.”

“मलाबी ठाव हुतं की,” ती म्हणाली. “बाकावरच पाठ केलं मी. तू नर्स, म्होरं तुझी डाक्टरीण हुबी. बहीण नापास झाली तर तुझं नाक कापलं असतं.”

म्हणजे मी तिच्यासाठी खोटं बोलले, आणि ती माझ्यासाठी.

“बंद केलं तर किती दिसंल?”

“उजेड. माणसांच्या आकृत्या. अगदी जवळ धरलं तर थोडं जास्त. पडदा मेलाय आक्का, त्याला इलाज नाही.”

ती बराच वेळ पोरीच्या डोक्यावरनं हात फिरवत बसली. तिला काय सोडायला सांगतेय हे मला समजत होतं. तिच्या डोळ्यांपुढं सारं जग स्वच्छ, लख्ख उभं होतं, दाराबाहेरच्या झाडाचं पान न् पान. मी मनातून म्हणत होते, नाही म्हण. नाही म्हण, आणि मी कायमची इथं येऊन पोर सांभाळते.

“कर बंद,” ती म्हणाली. “पोरगी म्होरनं रांगत गेली, अन् मी रिकामा पाळणा हलवत बसले. असलं दिसणं जळू दे.”

मी डबी तिच्या कपाळाशी धरली आणि बटण दाबलं. आक्कानं दोनदा पापण्या मिटल्या-उघडल्या. मग हात पुढं करून माझं तोंड चाचपलं, ओढून आपल्या नाकाशी आणलं, आणि बघतच राहिली.

“आगं, तुझं केस कवा पिकलं?”

“दहा वर्षं झाली, आक्का. तुझी नजर अधू झाली तेव्हापासून.”

“ते भिंग बसल्यापास्नं मला तू काळ्या केसांचीच दिसत हुतीस. नर्सिंगला गेलीस तवाची.” तिचा हात माझ्या गालावर तसाच राहिला. “म्हातारी झालीस की गं सुगे. अन् मला सांगितलंबी न्हाईस.”

आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. लाज कसली त्यात?

डोळे पुसल्यावर ती म्हणाली, “आता बाकीच्यांचं बोल. ऐकत न्हाईत म्हनतीस? मला घिऊन चल.”

पहिल्यांदा गिरमल तात्यांकडं गेलो. सकाळचे दहा वाजले होते. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. मी आवाज दिला तसे हसले.

“या सिस्टर, या. एकट्याच?”

आक्का माझ्या शेजारी उभी होती, हिरवं लुगडं नेसून, भर उन्हात. तात्यांची नजर तिच्यावरनं सरळ पुढं गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आक्कानं माझा हात दाबून मला गप्प केलं.

मी त्यांना भिंगाबद्दल सगळं समजावून सांगितलं. शेळ्यांचंही सांगितलं. ते मांडीवर थाप मारून हसले. “आगं बाई, मला सारं दिसतंय. तो लिंब, तो गोठा, ही तू. आणि काय दिसाय पायजे माणसाला?”

आक्का पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपत पुढं गेली. त्यांच्या गुडघ्याला तिचं लुगडं लागेपर्यंत गेली. तात्या माझ्याकडं बघून बोलतच होते. मग तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

तात्या किंचाळले. हात ओढायला गेले, तो निघेना. अधांतरी धरला गेलेला आपलाच हात ते डोळे फाडून बघत होते.

“कोण हाय? कोण हाय हितं?”

“मी सुंदराबाई. सिस्टरची थोरली बहीण. मघाधरनं तुमच्या म्होरं हुबी हाय.”

“मग मला दिसत का न्हाईस तू?”

“मी येणार हे तुमास्नी ठाव नव्हतं, म्हणून.”

तात्यांच्या तोंडाचा रंग उडाला. त्यांनी हळूहळू मान फिरवून सगळं अंगण बघितलं, डावीकडून उजवीकडं, आणि मग अगदी खालच्या आवाजात मला विचारलं, “सिस्टर, आन्खी कोन कोन हाय हितं?”

त्यांच्या किंकाळीनं वस्ती गोळा झाली होती. बाजेच्या चारी बाजूंनी माणसं उभी होती, बाया, पोरं, कडेवरची तान्ही, सगळी चिडीचूप. त्यांची सून त्यांच्या पाठीशी तोंडाला पदर लावून उभी होती.

“पंधरा-वीस जण आहेत, तात्या,” मी म्हटलं, आणि एकेकाचं नाव विचारून त्यांना सांगायला लागले.

चार नावं झाल्यावर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. “बास बाई. दाब तुझं बटण,” म्हणाले. आक्काचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.